दर्शनी भागातला फलक

सिस्टरनी बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या अपघात विभागात काढली. तिथे त्यांना एक गोष्ट कळली, की जिन्यावरून पडणाऱ्या बायका पुन्हा पुन्हा पडतात. आधी मनगट, मग बरगडी, मग जबडा. सोबत आलेला नवरा कागदावर सही करता करता हसून सांगतो, "आमची ही जरा धांदरटच आहे." एक बाई अशी पाच वेळा पडली. सहाव्या वेळी तिला वॉर्डात आणायची वेळच आली नाही, गाडीतून थेट शवागारात नेलं. त्याच आठवड्यात सिस्टरनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, साठवलेल्या पैशातून एक घर भाड्याने घेतलं आणि अशा बायकांना तिथे ठेवायला सुरुवात केली.

घर म्हणजे बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानाच्या वरचा मजला. चार खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायची गच्ची. जिन्याच्या तोंडाशी आधीच्या भाडेकरूची पाटी तशीच राहिली होती, 'टंकलेखनाचे वर्ग'. सिस्टरनी ती मुद्दाम काढली नाही. टायपिंग शिकायला आता कोण येणार? अकरा वर्षांत दोनच माणसं चौकशीला आली आणि दोघांनाही स्वयंपाकाच्या मावशींनी "बॅच भरली" म्हणून वाटेला लावलं. पत्रं पोस्टातल्या पेटीत यायची. घराचा पत्ता पोलीस ठाण्यातल्या एका बाईला, दोन डॉक्टरांना आणि घरमालकाला ठाऊक, बस्स. नव्याने आलेल्या बाईला पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला जायचा. पत्ता आईला सांगायचा नाही, बहिणीला सांगायचा नाही, देवालासुद्धा सांगायचा नाही.

काजू आली ती उजवा हात बँडेजमध्ये घेऊन. शर्टांच्या कारखान्यात ती काजं करायची, म्हणून घरातल्या बायकांनी तिचं नाव काजू पाडलं. नवऱ्याचं टायरचं दुकान होतं. पगारातले थोडे पैसे ती बाजूला ठेवते हे त्याला कळलं, तेव्हा त्याने तिला दुकानात बोलावलं, तिचा हात उंबऱ्यावर धरला आणि शटर खाली ओढलं. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. "आता कर काजं," एवढंच तो म्हणाला. त्याला अटक झाली, तीन आठवड्यांत जामीनही झाला. खटला उभा राहायचा होता आणि साक्षीदार एकटी तीच होती.

काजूला रडायला वेळ नव्हता. जखम भरायच्या आतच तिने डाव्या हाताने सुई धरायला सुरुवात केली. सिस्टरनी तिला एक जुनं शिलाई मशीन आणून दिलं. महिन्याभरात ती घरातल्या सगळ्यांच्या उशांचे अभ्रे शिवून मोकळी झाली. एकदा ती सिस्टरना म्हणाली, "सिस्टर, आठ बोटांची मजुरी दहा बोटांएवढीच मिळेल ना हो?" सिस्टरना हसावं की काय करावं कळेना. काजू मात्र पोट धरून हसली.

त्याच वर्षी घराला दरमहा मदत करणारा एक व्यापारी वारला आणि त्याच्या मुलांनी हात आखडता घेतला. भाडं थकलं. गुन्ह्यात होरपळलेल्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थांना सरकारचा एक विभाग अनुदान देतो, हे सिस्टरना माहीत होतं. पण सरकारी पैसा म्हणजे सरकारी डोळे, म्हणून त्या आजवर लांब राहिल्या होत्या. आता इलाज नव्हता. बँकेतून निवृत्त झालेले भाऊ आठवड्यातून दोन दिवस येऊन हिशेब बघायचे. त्यांनी सेहेचाळीस पानांचा अर्ज भरला. सात महिन्यांनी मंजुरी आली. पहिला हप्ता मिळाल्यावर भाडं फिटलं, काजूच्या खटल्यासाठी चांगला वकील ठरला आणि जिन्याच्या पायथ्याशी पगारी रखवालदार बसला. त्या दिवशी मावशींनी सगळ्यांच्या चहात दूध जरा सढळ हाताने घातलं.

मग तपासणीला साहेब आले. चाळिशीतला, सभ्य, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यांनी बायकांच्या खोल्यांत शिरण्याआधी दारावर टकटक केलं, बिनसाखरेचा चहा मागितला, खाटा मोजल्या, नळ सोडून पाहिले. सगळं पसंत पडलं. जाताना जिन्यात उभं राहून त्यांनी विचारलं, "फलक कुठे आहे?"

"कसला फलक?" सिस्टर म्हणाल्या.

"अट क्रमांक चौदा. चार फूट बाय तीन फूट. योजनेचं नाव, विभागाचं नाव, आणि खाली 'गुन्हेपीडित महिलांसाठी निवारागृह'. दर्शनी भागात, रस्त्यावरून वाचता येईल असा."

सिस्टरना वाटलं, माणूस थट्टा करतोय. "साहेब, या बायका लपून राहिल्यात. नवरे शोधतायत त्यांना. दारावर पाटीच लावायची तर मग निवारा कशाला म्हणायचं?"

"मी समजू शकतो," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच समजत होतं. "पण रस्ता असो, शाळा असो, निवारा असो, अट सगळ्यांना एकच आहे. फलकाच्या फोटोशिवाय दुसरा हप्ता निघत नाही. तुम्ही सवलतीसाठी अर्ज करा. मी माझ्याकडून शिफारस लिहितो."

शिफारस त्यांनी लिहिलीही. सिस्टरनी अर्ज केला, सोबत काजूच्या हाताचा वैद्यकीय दाखला जोडला. दोन महिने उत्तर नाही. तेवढ्यात भाडं पुन्हा थकलं. रखवालदाराला दोन पगार मिळाले नाहीत. तो भला माणूस होता, पण त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती. एक दिवस त्याने काठी कोपऱ्यात उभी केली आणि सिस्टरना नमस्कार करून निघून गेला. वकिलाने फोन उचलणं बंद केलं. शेवटी उत्तर आलं, दोन ओळींचं. समितीने विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला; तथापि नियमांत अशा सवलतीची तरतूद नाही.

"एक सुचवू का?" भाऊ चष्मा पुसत म्हणाले. "त्यांना फलक हवाय कुठे, फोटो हवाय. लावू, फोटो काढू, काढून टाकू. दहा मिनिटांचं काम."

दोन दिवस सिस्टर नको म्हणत राहिल्या. तिसऱ्या दिवशी हो म्हणाल्या.

फलक बनून आला तो निळाभोर, पांढऱ्या अक्षरांचा. दुपारी, रस्त्यावर वर्दळ नसताना, बॅटरीवाल्याकडून शिडी आणली. भाऊंचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून मावशीच पदर खोचून वर चढल्या आणि शिडी डगमगायला लागली. "अगं, धरा कुणी तरी!" मावशी वरून ओरडल्या. काजू धावत खाली आली आणि तिने शिडी घट्ट धरली. मावशी वरून शिव्या देतायत, काजू खालून "मावशी, आता दिल्ली दिसतेय का, आणखी वर जा" म्हणून चिडवतेय, गच्चीवरून बाकीच्या बायका तोंडावर हात ठेवून हसतायत. फार दिवसांनी त्या घरात असं हसणं झालं. फलक मोजून अकरा मिनिटं भिंतीवर होता.

भाऊंनी मोबाइलवर काढलेला फोटो सिस्टरना दाखवला. विभागाच्या ॲपमधून काढलेला, म्हणून खाली रस्त्याचं नाव आपोआप उमटलं होतं. सिस्टरनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"चेहरा नाही ना आला कुणाचा?"

"नाही. मावशींची पाठ आहे नुसती. आणि शिडी."

"पाठवा मग."

बत्तीस वर्षं ज्या बाईने माणसांच्या जखमा पाहिल्या, तिने त्या दिवशी फक्त चेहरे पाहिले. शिडीच्या दांड्यावर एक हात होता. तीन बोटांचा.

फोटो विभागात गेला आणि तिथून पुढे गेला. वर्षअखेर होती. विभागाला आपलं काम लोकांपुढे मांडायचं होतं. एका वर्तमानपत्राच्या चौथ्या पानावर तो छापून आला, 'गुन्हेपीडितांना हक्काचा निवारा' असा मथळा आणि खाली रस्त्याचं नाव. सिस्टरच्या घरी ते वर्तमानपत्र येत नव्हतं. टायरवाला मात्र दाढी करायला गेला होता. आपला नंबर येऊन खुर्चीत बसला तरी तो पानं चाळतच होता. नंतर कोर्टात न्हाव्याने सांगितलं, की अर्धी दाढी राहिलेली असताना तो उठला, पान फाडून घेतलं आणि पैसेही व्यवस्थित चुकते करून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तो आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. सिस्टर वकिलाच्या कचेरीत बसल्या होत्या. भाऊंचा येण्याचा दिवस नव्हता. वर मावशी, काजू आणि आणखी तिघी बायका.

त्याने बेल वाजवली. मावशींनी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"विभागातून आलोय," तो म्हणाला. "फोटोत फलक आहे, भिंतीवर दिसत नाही. काय प्रकार आहे?"

मावशी गडबडल्या. फलक दाराआड उलटा टेकवून ठेवला होता. आता हप्ता पुन्हा अडकणार, आणि आपल्यामुळे अडकणार, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. "रोज असतो हो, साहेब! आज धुवायला काढलाय. हा काय, हा बघा ना." आणि खात्री पटावी म्हणून त्यांनी साखळी काढली, फलक सरळ करून दाखवला आणि त्याला प्यायला पाणी दिलं.

तो पाणी प्यायला. पेला परत दिला. मग मशीनचा आवाज येत होता त्या खोलीकडे चालत गेला.

काजूने मान वर केली तेव्हा कात्री तिच्यापेक्षा त्याच्या हाताशी जवळ होती. एक बाई मध्ये पडली, तिला त्याने भिंतीवर फेकलं. काजू ओरडली नाही. तिने डावा हात पाठीमागे लपवला. तो हात तेवढा वाचावा, असं तिला वाटलं असणार. त्याने आधी तोच ओढून काढला. मग पोटात तीन वार केले, कात्री मशीनवर ठेवली आणि जिना उतरून निघून गेला. संध्याकाळी तो आपल्या दुकानात टायर बदलताना सापडला.

सिस्टर पोचल्या तेव्हा बायका तिला चादरीत गुंडाळून जिन्यापर्यंत आणत होत्या. हॉस्पिटलच्या गाडीत सिस्टर सगळा वेळ गुडघ्यावर बसून होत्या, मूठ जखमेत दाबून. आपल्या जुन्या विभागात त्या पहिल्यांदाच पेशंटच्या बाजूने शिरल्या. तिथल्या पोरींनी त्यांना ओळखून वाट करून दिली. काजू दोन दिवस होती. शुद्धीवर एकदाच आली.

"सिस्टर," ती म्हणाली, "ताईने नाही सांगितलं हं. तिच्यावर रागवू नका."

सिस्टरना वाटलं, ती तापात बरळतेय. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

मावशी त्यानंतर कुणाशी बोलेनाशा झाल्या. फक्त एकदा, पोलिसांना जबाब देताना म्हणाल्या, "मी त्याला साहेब म्हणाले. पाणी दिलं मी." मग त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. घरमालकाने आठवड्याची मुदत दिली. उरलेल्या तिघींपैकी एक नवऱ्याकडे परत गेली. जाताना म्हणाली, "तिथे निदान कधी मारणार ते माहीत असतं."

दुसरा हप्ता त्याच आठवड्यात खात्यात जमा झाला. फोटो मंजूर झाला होता.

सिस्टर विभागात गेल्या. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, त्यांचे डोळे लाल होते. सिस्टरनी अहवाल पुढे ठेवला. नोंद करणं भाग होतं. साहेबांनी संगणकावर काजूचं पान उघडलं आणि अडखळले.

"'निवारा सोडल्याचं कारण' यात तीनच पर्याय आहेत," ते खाली बघत म्हणाले. "कुटुंबात परत, पुनर्वसन, किंवा स्वेच्छेने निघून गेली. एक तरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"आणि नाही उघडलं तर?"

"बाकीच्या बायकांचा खर्च अडकेल, सिस्टर."

सिस्टरनी पडद्यावरचे तीनही पर्याय वाचले. मग म्हणाल्या, "स्वेच्छेने लिहा." साहेबांनी बटण दाबलं.

सामान न्यायला काजूची थोरली बहीण आली. कपडे धुण्याची कामं करणारी, रुंद हाडापेराची बाई. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. तिने बहिणीचे चार कपडे आणि एक स्वेटर पिशवीत भरलं, मशीनकडे पाहिलं आणि ते नको म्हणाली. सिस्टरना राहवेना. पोलिसांनी तिला सगळं सांगितलेलं नव्हतं.

"बाई, तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं. तो फोटो आम्ही पाठवला होता. मी बघून हो म्हटलं होतं."

बहिणीने पिशवी खाली ठेवली. "मोठ्याने बोला. या कानाने ऐकू येत नाही."

सिस्टरना तेच पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. आवाज घरभर गेला, तरी त्यांनी पुरं केलं.

बहिणीने डोक्याचा रुमाल सोडला. कानातून पिवळट पाणी गळून मानेवर वाळलं होतं. "मला पत्ता माहीत होता," ती म्हणाली. "तुमचा नियम मोडून तिने मला सांगितला होता, पहिल्याच आठवड्यात. तो माझ्याकडे आला चार वेळा. पहिल्यांदा पाया पडला. दुसऱ्यांदा माझ्या नवऱ्याला दारू पाजली. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून मारलं, कानाचा पडदा तेव्हाच फाटला. चौथ्यांदा त्याने माझ्या हातावर उकळतं पाणी ओतलं. नाही सांगितलं मी." ती बाही वर करून दाखवत नव्हती, नुसतं सांगत होती. "मी अडाणी बाई. मी नाही सांगितला. आणि तुम्ही शिकलेल्या माणसांनी पेपरात छापलात."

सिस्टरनी हात जोडले. बहिणीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. पिशवी उचलून ती जिना उतरली.

महिन्याभराने साहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "सिस्टर, तुमच्या मागणीला यश आलं! परिपत्रक निघालं. निवारागृहांना फलकाच्या अटीतून वगळलंय." परिपत्रक एका पानाचं होतं, त्यातलं अर्धं पान सह्यांचं. "माझी शिफारसही लावलीय त्यांनी सोबत," साहेब म्हणाले. सिस्टरनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. अनुदान परत करावं असं त्यांच्या मनात रोज यायचं. पण नव्या घरात पाच बायका येऊन राहिल्या होत्या आणि त्यांना काय सांगणार? त्यांनी तिसऱ्या हप्त्याच्या कागदावर सही केली.

पावसाळा संपता संपता पोलीस ठाण्यातल्या त्या बाईने एकीला आणून सोडलं. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, टायरवाल्याच्या खटल्यात साक्षीचं समन्स घरी आलं म्हणून. रुंद हाडापेराची, डोक्याला रुमाल. सिस्टरनी दार उघडलं आणि तिला ओळखलं.

"दुसरीकडे कुठे जागा नाही म्हणाले," बहीण म्हणाली. "असती तर आले नसते."

"या," सिस्टर म्हणाल्या.

तिचं नाव सिस्टरनी कुठल्याच यादीत घातलं नाही. तिचा खर्च त्या स्वतःच्या पेन्शनमधून करू लागल्या. बहीण सगळ्यांचे कपडे धुवायची, सिस्टरचे सोडून. जेवायला बसताना त्यांच्याकडे पाठ करायची. कान मात्र फारच चिघळला होता. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा औषध सांगितलं आणि ते तिचं तिला घालता येईना. पहिले दोन दिवस तिने दुसऱ्या बायकांकडून घालून घेतलं, पण त्यांना नेम साधायचा नाही, निम्मं औषध गालावर ओघळायचं. तिसऱ्या दिवशी ती बाटली घेऊन सिस्टरच्या खोलीत आली आणि न बोलता खाटेवर आडवी झाली.

सिस्टरनी बाटली तळहातात धरून कोमट केली. कापसाने कान पुसला. बहिणीने डोळे मिटले होते.

"तुम्ही हे बरं करताय म्हणून मी तुम्हाला माफ करीन असं समजू नका," ती म्हणाली.

"नाही समजत."

"मरेपर्यंत नाही करायची."

"बरं."

"मग घाला," बहीण म्हणाली आणि तिने मान आणखी थोडी वळवली.